काचेवरचा तांदूळ

स्पष्टच सांगते, धर्माबिर्माचं लिहायची मला सवय नाही. मी पत्रकं लिहिते. पहिल्याच ओळीत मराठी माणसाला हलवून उठवायचं, की पुढचं आपोआप येतं. पण त्या सकाळची गोष्ट ओरडून सांगता येत नाही.

आम्ही परळच्या चाळीत राहतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव मीच फडक्यात बांधून शिवडीच्या खाडीत सोडले. आई काठावर उभी होती. कोकणातून येताना ती एक रीत घेऊन आलेली. काही अडलं की देवाच्या टाकावर ओला तांदूळ चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडे पडला तर हो, डावीकडे पडला तर नाही. मुंबईला यायचं की नाही, तेसुद्धा तिनं असंच विचारलेलं. देव गेल्यावर कोनाड्यात आम्ही बुद्धाची तसबीर ठेवली.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाला आमच्या भागातून बायकांची तुकडी पाठवायचं ठरलं. अटक तर होणारच. लाठीगोळीचं कोण सांगणार? मी नाव देऊन मोकळी झाले. बाबा म्हणाले, "आईनं हो म्हटलं तर जा," आणि गिरणीत पाळीला निघून गेले. जायचा दिवस उजाडला तरी आई हो म्हणेना.

तोंड धुऊन आत आले, तर आई तसबिरीपुढे हात जोडून उभी. काचेवर, बुद्धाच्या छातीवर, ओला तांदूळ.

मी भडकलेच. "आई! तो देव नाही! तो कौल देत नाही! इतक्या सभा ऐकल्यास आणि शेवटी हे?"

"ओरडू नको गो. तांदूळ पडंल."

शेजारची मावशी कळशी घेऊन दारातून डोकावली. "काय, पुढारीणबाई सकाळीच सुरू?"

"सभा हाय आमच्याकडं," आई म्हणाली. "टाळ्या वाजव नि जा."

मावशी हसत नळावर गेली. आई माझ्याकडे वळली. "तो देव नाय, तर इचारू कुणाला? तुला? तुझं उत्तर तर छापूनच आलंय."

"शांत बसायचं असतं," मी म्हणाले. विहारात प्रवचनाला आलेल्या भन्तेंचं एवढंच माझ्या कानावर पडलेलं. "बसायचं आणि ऐकायचं."

"काय ऐकायचं?"

ते मला कुठे ठाऊक होतं!

आईनं काचेवरचा दाणा बोटानं टिपला, तोंडात टाकला आणि भिंतीला टेकून बसली. "बस. दोघी ऐकू."

डोळे मिटले आणि सगळी चाळ अंगावर आली. नळावरची भांडणं, स्टोव्हची भरभर, कुणाचे तरी पाढे. भोंगा उठला आणि छपरांवरून लांब समुद्राकडे वाहत गेला. माझ्या डोक्यात माझ्याच घोषणा चालल्या होत्या. मोर्चा पांगावा तशा त्याही एकेक करून निघून गेल्या. मग सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे मऊ झाले. पाढे कुठल्या घरातले, माझ्या आतले की बाहेरचे, कळेना. आईचा श्वास मात्र जवळ होता, भरतीसारखा येत-जात.

त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी थरथरत होतं. आवाज नव्हता, शब्द तर नव्हताच. मला जायचं होतं, आणि आईनं नाही म्हणावं असंही वाटत होतं. ती नाही म्हणाली असती तर घरी बसून तिच्यावर संतापायची सोय झाली असती. हे मला कुणी सांगितलं नाही. ते तिथे होतंच, तळ्यातल्या दगडासारखं, पाणी निवळल्यावर दिसलेलं.

"ऐकलंस काय?" आईनं विचारलं.

"मला भीती वाटते, आई."

ती माझ्याकडे वळली. "मला वाटलं, तुला ती वाटतच नाय. म्हणून धाडवत नव्हतं."

"आणि तुला काय ऐकू आलं?"

"नळ," ती म्हणाली. "पाणी जायला आलंय." मग हळूच, "तरी जायचंय?"

या वेळी डोळे मिटावे लागले नाहीत. "हो."

"जा मग. पदर घट्ट खोच. नि लाठी आली तर पळ. पुढारीपणा करू नको."

मी जिना उतरले. खाली बायका जमल्या होत्या, घोषणा सुरू झाल्या होत्या. मीही ओरडले, घसा फुटेस्तोवर. थरथर आत चालूच होती. तिला गप्प बस म्हणावंसं वाटलं नाही. तिच्याकडे कान ठेवून मी तुकडीबरोबर चालत राहिले.