खळ वाळली का?

सोलापुरात थंडी पडते, यावर मनापासून विश्वास असलेला माणूस आमच्या काळी उभ्या जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या कॉलेजात खेळाचा सर म्हणून लागला होता. बाकी सोलापूरकरांच्या लेखी वर्षाचे ऋतू दोनच, उन्हाळा आणि उन्हाळ्याची वाट बघायचे दिवस. सरांच्या लेखी मात्र दसऱ्याचं सोनं वाटून झालं की हिवाळा सुरू. त्याच संध्याकाळी ते ट्रंकेतून तपकिरी माकडटोपी काढत, ती थेट होळी पेटल्यावरच उतरे, तीही उन्हाची टोपी चढवण्यापुरती. टोपीच्या भोकातून बाहेरच्या जगाला दोन बारीक डोळे, एक मोठं नाक आणि तोंडातली शिट्टी एवढंच दिसे. मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली हॉकी खेळले, पण सरांना टक्कल आहे हे मला त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात कळलं.

सर मूळचे जेऊरचे. तरुणपणी सहा महिने पंजाबात खेळाचा कोर्स करून आले होते, आणि तिथल्या पहाटेच्या दवात त्यांची बोटं जी गारठली, ती पुढं सोलापूरच्या उन्हातही शेवटपर्यंत म्हणावी तशी सुटली नाहीत. येताना त्यांनी कुठल्याशा थंड मुलखात छापलेलं हॉकीचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात ‘हंगामाच्या सुरुवातीचे सामने आणि हिवाळी हवामान’ असं एक प्रकरण होतं. सर ते प्रकरण आम्हाला मराठी करून सांगत, तेही भर उन्हात मैदानावर उभं करून. ‘‘मैदानावर बर्फ साचल्यास पांढरा चेंडू वापरू नये. रंगीत वापरावा.’’ आम्ही तोंडाला ओढणी लावून हसायचो. सरांनी मात्र सगळे चेंडू गेरूनं रंगवून टाकले. ‘‘बर्फ न्हाय पडला तर न्हाय पडला. आपण तयार पायजे की!’’ शुद्ध मराठीत सुरू झालेलं वाक्य जोर आला की जेऊरला जाऊन पोचायचं. त्या गेरूपायी आमचे हात, ओढण्या, एकदा तर प्राचार्यांची पांढरी पँटसुद्धा लाल झाली.

त्यांच्या खोलीच्या खिडकीत खोबरेल तेलाची एक बाटली असे. तेच त्यांचं थर्मामीटर. तेल थिजलं की सराव अर्धा तास उशिरा. आता खोबरेल काय, कोपऱ्यावर कुणी थंड पाणी प्यायलं तरी थिजतं. त्यामुळं डिसेंबरात आमचा सराव रोजच अर्धा तास उशिरा सुरू होई आणि सरांना रोज नव्यानं धक्का बसे. मग रांगेत उभं करून प्रत्येकीला विचारत, ‘‘बोटं जिवंत हायत का?’’ आम्ही दहाही बोटं हलवून दाखवायची. तिळाचा एकेक लाडू खायचा. मग खेळ.

पण सरांचा खरा जीव वेळापत्रकात. सामन्यांचं वेळापत्रक ते गणपतीतच लिहायला घेत आणि नंतर रोज बदलत. खाडाखोड त्यांना खपत नसे, म्हणून जुन्या कागदावर नवा कागद डिंकानं चिकटवत. संक्रांतीपर्यंत ते वेळापत्रक भाकरीएवढं जाड होई. बदलाचं कारण एकच, आभाळ. आमचं मैदान काळ्या मातीचं. हिवाळ्यात पावसाची एक अवकाळी सर आली की त्यात चप्पल रुतून बसे, पाय तेवढा घरी यायचा. म्हणून सर आभाळाची बातमी मिळेल तिथून गोळा करत. सकाळच्या पॅसेंजरला स्टेशनवर जाऊन उतरणाऱ्या लोकांनाही विचारत. एकदा केमहून आलेल्या पाटीवाल्या बाईला त्यांनी गाठलं. ‘‘मावशी, केमला ढग हायत का?’’ बाई म्हणाली, ‘‘ढग न्हाईत बाबा, पेरू हायत. किती देऊ?’’ त्या दिवशी सगळ्या संघाला पेरू मिळाले. सामना मात्र पुढं गेला.

आणि इथं माझा प्रवेश होतो. आमचं घर भवानी पेठेत, हातमागाचं. घरात तेलुगू, गल्लीत सगळ्या भाषा. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना संध्याकाळी सुताच्या लड्यांना खळ, म्हणजे कांजी, देऊन अंगणातल्या दोरीवर टाकत. सकाळी लड्या कडक वाळल्या तर आभाळ कोरडं, चिकट राहिल्या तर हवेत पाणी, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांना ते कळलं मात्र, खोबरेलाची बाटली मागं पडली. रोज पहाटे सायकलवरून येऊन ते दारात घंटी वाजवत आणि टोपीतून विचारत, ‘‘खळ वाळली का?’’

समोरच्या घरातल्या मुसलमान मावशीला, आमच्या खालाला, याचा भलताच संशय. नानांना म्हणे, ‘‘अजी, ये टोपीवाला रोज सुबू कायकू आता? बेटी का रिश्ता-बिश्ता लेके तो नै आता?’’ नाना हसत म्हणत, ‘‘नाही खाला, सूत बघायला येतो.’’ खाला मान हलवे. सूत बघायला येणारा माणूस सूत विकत घेत नाही, हे तिच्या मनातून काही जाईना.

तर सरांना उत्तर द्यायचं काम माझ्याकडं. मी गोलकीपर. क्रिकेटचे जुने पॅड सुतळीनं बांधून गोलात उभी राहायचे आणि गल्लीत अशा काही फुशारक्या मारायचे की जणू साऱ्या सोलापूरची वेस मीच राखते. प्रत्यक्षात मी आळशी आणि भित्री. अंथरुणातून उठवत नसलं की दारातूनच सांगायचे, ‘‘ओली आहे सर, चिकटतेय.’’ सर गंभीरपणे मान हलवत आणि सराव रद्द करत. मी परत गोधडीत. उभ्या जिल्ह्याचं हवामान मी त्या वर्षी माझ्या झोपेप्रमाणं चालवलं.

त्याच वर्षी मुलींचा हॉकी संघ कॉलेजात पहिल्यांदा निघाला होता. प्राचार्यांनी सरांना स्पष्ट बजावलं होतं, ‘‘संक्रांतीच्या आत बाहेरच्या संघाशी एक तरी सामना झाला पाहिजे. नाही तर काठ्या कोठीत आणि मैदान मुलांच्या क्रिकेटला.’’ सरांनी सामना ठरवला. पाहुणा संघ जेऊर-केमकडून पॅसेंजरनं यायचा होता. त्यांच्यात एक मुलगी होती. तिच्या फटक्यानं म्हणे गोलाची फळी उडाली होती. हे ऐकल्यापासून मी पॅडांना सुतळीचे दोन वेढे जास्तच घालू लागले.

सामन्याच्या आदल्या पहाटे सर आले. ‘‘खळ वाळली का गं? दहाच्या आत तार करायला पायजे, न्हायतर पाहुणे उद्या निघतील.’’ लड्या पापडासारख्या वाजत होत्या. मी म्हटलं, ‘‘ओली आहे सर. पार पाणी धरलंय.’’

सरांनी माझ्याकडं पाहिलं. दोरीकडं पाहिलं. आणि सायकल वळवून तारघराकडं गेले.

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की खालानं गच्चीवर कुरडया घातल्या. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी व्हरांड्यात खांबाआड. आतून ऐकू आलं, ‘‘पाऊस कुठाय तुमचा?’’ आणि सर म्हणाले, ‘‘माझाच अंदाज चुकला साहेब.’’ एवढंच. माझं नावसुद्धा नाही. संक्रांतीच्या आत आता एकच तारीख उरली होती. मी घरी जाऊन ढसाढसा रडले. मग नेहमीसारखी दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्या वयात दुःखानं भूक मरत नाही.

त्या शेवटच्या तारखेला पहाटे मी आपण होऊन उठले. लडीला हात लावला तर गच्च ओली. बाहेर भुरभुर पाऊस. मी तशीच अनवाणी कोपऱ्यापर्यंत पळाले. समोरून टोपी आली. ‘‘सर, खळ ओली आहे! खरंच ओली आहे!’’

सर सायकलवरून उतरले. टोपीवरून पाणी गळत होतं. म्हणाले, ‘‘आज खरं बोलतीयस व्हय?’’

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी मान खाली घातली. ‘‘मग तार का केलीत, सर?’’

‘‘गोलकीपर भ्यालेली असताना सामना खेळवू नये,’’ सर म्हणाले. ‘‘हे पुस्तकात न्हाय. पण हाय.’’ मग घड्याळ बघितलं. ‘‘पाहुणे गाडीत बसले. आता काय करायचं ते कर.’’

काय करायचं ते मला एकच सुचलं. घरी येऊन नानांना सगळं सांगितलं, खोट्यासकट. नानांनी तेलुगूत जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बोलता बोलता त्यांनी मागाखालच्या तुटक्या सुताचं पोतं ओढून बाहेर काढलं. घरोघरच्या मागांखाली असं सूत साठलेलं असे. अख्खी गल्ली पोती घेऊन निघाली. पुढं खाला. ‘‘चलो जी, टोपीवाले का मैदान सुखाना है!’’ नऊवाऱ्या, बुरखे, लुंग्या, सगळे ओणवे होऊन मैदान पुसू लागले. सूत पाणी पिई, बाया पिळून टाकत. पाऊस थांबला, दुपारी दोनला मैदान निदान उभं राहण्यासारखं झालं, आणि प्राचार्य छत्री मिटून बघत राहिले.

सामना झाला. पाहुण्यांनी आणलेला पांढरा चेंडू चिखलानं काळा होऊन दिसेनाच, तेव्हा सरांनी थाटात गेरूचा चेंडू काढला. इतक्या वर्षांनी पुस्तकातलं प्रकरण कामाला आलं होतं. आम्ही चार गोलांनी हरलो. ती फळी उडवणारी मुलगी खरंच तशी मारत होती. मी प्रत्येक वेळी डोळे मिटून आडवी झाले, आणि चेंडू येऊन मला लागले, याला अडवणं म्हणतात हे मला नंतर कळलं. सरांनी माझे पॅड उचलून गेरूचे ताजे लाल डाग मोजले. ‘‘नऊ!’’ ते प्राचार्यांना ओरडून म्हणाले. ‘‘साहेब, नऊ अडवले पोरीनं!’’ संघ राहिला. काठ्या कोठीत गेल्या नाहीत.

पुढं माझं लग्न झालं, पेठेतलंच घर मिळालं. सर निवृत्त होऊन जेऊरला गेले. हातमाग गेले, अंगणातल्या दोरीवर आता नातींचे कपडे वाळतात. एकदा हिवाळ्यात सर अचानक दारात आले. वाकलेले, हातात काठी, डोक्यावर तीच टोपी. चहा झाला. नाती त्यांची टोपी बघून फिदीफिदी हसत होत्या, आणि ते त्यांना बोटं हलवून दाखवायला लावत होते. मग उठले. ‘‘निघतो. पॅसेंजर हाय. आता काय पुन्हा येणं जमत न्हाय बघ.’’

बाहेर लख्ख ऊन होतं. दोरीवर नातींचे फ्रॉक कडकडीत वाळून वाऱ्यावर वाजत होते.

मी म्हटलं, ‘‘सर, खळ वाळली नाही अजून. पार पाणी धरलंय. आज निघू नका.’’

सरांनी माझ्याकडं पाहिलं. दोरीकडं पाहिलं. काठी भिंतीला टेकवली आणि चपला काढल्या.

‘‘असं म्हणतीस?’’ म्हणाले. ‘‘मग आज गाडी रद्द.’’