आजार करून दाखवणारी

शहापूरच्या दवाखान्यात ती मला एकदाच भेटली. नाव मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. डॉक्टरांनी कुणाला कसला शब्द सांगितला, की ही बाकावरून उठायची आणि तो आजार स्वतःच्या अंगानं करून दाखवायची. एकाला सायटिका निघाला, तर हिनं कमरेपासून टाचेपर्यंत वीज उतरल्यासारखी तंगडी झाडली.

मला डॉक्टरांनी व्हर्टिगो सांगितला. जरा बसा, मग मान बघतो म्हणाले. मी मरायच्या तयारीनंच बाहेर येऊन बसले. शेळी कुणाला द्यायची तेही ठरवलं.

"काय शब्द दिला गो तुला?"

मी सांगितला. तिनं पदर खोचला, व्हरांड्यात गरगर फिरली आणि माझ्याच मांडीवर आदळली. तिच्या अंगात तो आजार इतका खुळा दिसला, की निम्मी भीती तिथंच गेली.

"कानात बारीक खडे असतात, ते जागचे हललेत. आपण सुपात तांदूळ पाखडतो ना, तशी डॉक्टर तुझी मान पाखडतील. खडे जाग्यावर जातील."

"म्हंजे मी नाय मरत?"

"मरशील की. पण ह्यानं नाय."

डॉक्टरांनी खरंच माझं डोकं धरून इकडून तिकडे वळवलं. छप्पर फिरलं, मग थांबलं. मला हसू आवरेना. बाहेर येऊन मी ओरडले, "थांबलं गो, थांबलं!"

छाती धरून बसलेल्या एका मिशीवाल्याला ती ॲसिडिटी करून दाखवत होती. मागे न बघताच म्हणाली, "मग घरी जा. आता मरायची पाळी ह्याची हाय."