पहिला इंच नसलेली टेप

तिला अख्खी गल्ली काजवाली म्हणायची. बाप टेलर. त्याच्या दुकानात सातव्या वर्षापासून ही काज करत बसलेली. शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात आणि सुई हातात. काज, तुरपाई, बटणं ही पोरींची कामं. कात्री मात्र भिंतीवरच्या उंच खिळ्याला. बापाचा नियमच होता : "बाईनं कपडा शिवावा, बेतू नये. बेतायला डोकं लागतं." हे सांगताना तो स्वतःचं टक्कल खाजवायचा.

त्या दुकानातली टेप एक नग होती. टोकाची पितळी टोपी कधीच निखळलेली, पहिल्या इंचाच्या चिंध्या झालेल्या. बापानं तो इंच कापूनच टाकला. नवी टेप घ्यायला काय धाड भरली होती? पण "हात बसलाय" म्हणे! त्यामुळे टेप शून्याऐवजी एकापासून सुरू व्हायची. टेपवर अडतीस दिसले की खरं माप सदतीस. बाप दिसेल तो आकडा ओरडायचा, काजवाली एक वजा करून वहीत लिहायची. सतरा वर्षं हीच वजाबाकी.

धाकटा भाऊ काउंटरवर. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, पंखा लावायचा, गप्पा हाणायच्या. त्यानं कधी टेप धरली असेल तर पाठ खाजवायला.

काजवाली एकोणीस वर्षांची असताना बाप तापानं आडवा झाला आणि नेमका गावातल्या मोठ्या डॉक्टरांचा कोट दोन दिवसांत द्यायचा होता. डॉक्टरांचा डावा खांदा उतरलेला. त्यांच्या अंगावर कोट कायम खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. हिनं स्टूल घेतलं, कात्री काढली, कोट बेतला. डाव्या खांद्यात अस्तराखाली जादा पट्टी घातली. डॉक्टर कोट घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा सरळ दिसतोय. कुणाचा हात हा?"

बाप अंथरुणातून उठून आलेला. त्यानं मुलाच्या पाठीवर थाप मारली. "चिरंजीवांचा!"

आणि त्या बहाद्दरानं मान खाली घालून लाजून दाखवलं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. डॉक्टरांनी त्याच्यासोबत फोटो काढला, तो काच लावून दुकानात टांगला. काजवाली तेव्हा पाठीमागे इस्त्रीचे कोळसे फुंकत होती. आईनं तिचा हात दाबला. "जाऊ दे गं, घरातच राहिलं ना नाव?" घर म्हणजे कोण, हे विचारायची तिथं सोय नव्हती.

पुढे चोविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरवलं, बटणांच्या व्यापाऱ्याशी. मामा खिदळला, "काजाला बटण मिळालं!" सगळे हसले. तिनं खिळ्यावरची टेप गळ्यात घातली आणि घर सोडलं. आता ती गणवेशांच्या कारखान्यात कटर आहे. एका वेळी साठ थर कापडाचे कापते. डोकं लागतंच, आहे तिच्याकडे.

पंचेचाळिसाव्या वर्षी तिनं हे सगळं एकटीनं रंगमंचावर करायचं ठरवलं. एक टेबल, एक इस्त्री, कापड, खडू, कात्री आणि ती टेप. बाप तीच, आई तीच, भाऊही तीच. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी प्रयोग लावला आणि गल्लीभर हाताने लिहिलेले कागद चिकटवले.

शुक्रवारी भाऊ तिच्या खोलीवर हजर.

"ताई, सगळं कर. बाबांचं टक्कल कर, माझी चाल कर. तेवढा कोटाचा भाग काढ."

"का रे? नाटकात तेवढंच तर शिवण आहे."

"लोक काय म्हणतील? सव्वीस वर्षं फोटो आहे भिंतीवर!"

"मग सव्वीस वर्षं खोटं आहे भिंतीवर."

"बाबांनी सांगितलंय, तो भाग केलास तर घराची पायरी चढायची नाही."

"पायरीला सांग, माझी वाट बघू नकोस."

रविवारी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत बाप, काठी गुडघ्यांत धरून. शेजारी आई. कडेला भाऊ. कोटाचा प्रसंग आला. काजवाली बापासारखी खाकरली, हवेत थाप मारून म्हणाली, "चिरंजीवांचा!" लोक हसले. भाऊ ताडकन उठला.

"खोटं आहे हे! कोट मी बेतलाय. बाबांना विचारा!"

सगळा हॉल बापाकडे वळला. बाप काठीची मूठ बघत बसला. माणूस मूग गिळून बसतो ना, तेव्हा तो कुणाच्या तरी बाजूनंच बसलेला असतो.

काजवालीनं गळ्यातली टेप काढली. "ये वर. माप घे आणि बेत. कापड हे ठेवलंय."

आता मागे फिरणं म्हणजे नाक कापून घेणं. भाऊ चढला. पहिल्या रांगेतल्या पोस्टमनला उभं केलं, पाठीवर टेप ताणली, ऐटीत खडू उचलला. "खांदा साडेअठरा!" आणि कापडावर साडेअठराची रेघ मारू लागला.

"साडेसतरा, गाढवा!" तिसऱ्या रांगेतून बाप ओरडला. "एक वजा कर!"

जुनी सवय, तोंडातून निसटली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊ टेपेचं टोक उलटसुलट करून बघत राहिला. पहिला इंच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

काजवाली हसली नाही. "बाबा," ती म्हणाली, "एवढी वर्षं वजा कोण करत होतं?"

मीही त्या हॉलमध्ये होतो; मला वाटलं, आता तरी म्हातारा पोरीचं नाव घेईल. छे! तो उठला, काठी टेकत रंगमंचापाशी गेला आणि हात पुढे केला. "टेप माझी आहे. दे."

तिनं भावाच्या हातातून टेप काढून दिली. "घ्या. तुमचा होता तो इंचही तुम्हीच कापलात."

बाप निघाला, मागोमाग भाऊ. आई दोन पावलं गेली, दारापाशी थबकली आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसली. पोस्टमन अजून हात पसरून उभा होता. काजवालीनं त्याच्या खांद्यावर दोन विती टाकल्या, अर्धा इंच कमी धरला, भावाची रेघ पुसली आणि कात्री चालवली. उरलेला प्रयोग तिनं बेतता बेतताच केला.

फोटो अजून दुकानात आहे. भाऊ आता नव्या, अख्ख्या टेपेनं स्वतः माप घेतो. तरी प्रत्येक गिऱ्हाईक हात वर करून उभं राहिलं की विचारतंच, "एक वजा केलास ना रे?" बाप दाराशी बसलेला असतो. त्याला तेवढंच ऐकू येत नाही.