बोगद्यात बंद पडलेली गाडी
वायर जळल्याचा वास आला की मला कात्रजचा बोगदा आठवतो. निवृत्त झाल्यावर वडिलांना स्पोर्ट्स कार हवी होती, आणि हडपसरच्या एका विक्रेत्याकडे एकाच मॉडेलच्या दोन वापरलेल्या गाड्या होत्या, एक आधीच्या पिढीची, एक नंतरच्या. "आधीची दणकट असते, नंतरचीत इलेक्ट्रॉनिक्स फार," वडील म्हणाले. "बाबा, नंतरचीत एअरबॅग्ज आहेत," असं म्हणत मी हट्टाने नंतरचीच चालवून बघायला काढली. गाडीत दोनच सीट, म्हणून विक्रेता दुकानातच थांबला. बोगद्याच्या मध्यावर तो वास आला, गाडीचे सगळे दिवे विझले आणि इंजिन बंद पडलं. दाराचं बटण दाबलं, तर दार उघडेना, काचाही उतरेनात. आरशात एका ट्रकचे दिवे मोठे होत चालले होते, आणि आमची कमरेएवढी काळी गाडी त्याला दिसणार कशी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "खाली वाक!" वडील ओरडले आणि माझं डोकं दाबून माझ्यावर ओणवे झाले. हॉर्न वाजला, टायर किंचाळले, आणि ट्रक हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाल्याने बाहेरची कडी ओढून दार उघडलं. "अहो, दिवे तरी लावायचे!" "लावणार होतो, गाडीला मान्य नव्हतं," वडील म्हणाले. त्यांनी शेवटी आधीची गाडी घेतली. आजही ती चालवताना बोगदा आला की माझा हात आधी दिव्यांच्या बटणाकडे जातो. "मी काही घाबरलो नव्हतो हं," ते शेजारून म्हणतात. त्या दिवशी त्यांच्या छातीची धडधड माझ्या पाठीला लागत होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.