मसाला एकेचाळिसाव्या सेकंदाला

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन् शब्द घडलेला आहे. म्हणजे परब हे आडनाव मी बदललंय, आणि दोन-चार ठिकाणी तिखट जरा वाढवलंय. ते सोडलं तर शब्दन् शब्द. आमच्या धंद्यात अशा गोष्टी फोनमधल्या स्क्रीनशॉटसारख्या साठतात. घेताना वाटतं, पुढे कामाला येईल. मग स्टोरेज फुल होतं आणि डिलीट करायचाही कंटाळा येतो.

अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात आमचं ऑफिस. मी आणि रेश्मा. लोकांच्या ब्रँडचे सोशल मीडियासाठी व्हिडिओ करतो. ती सव्वीसची, मी बावन्नचा. ती शूट करते, एडिट करते, पोस्ट करते. मी क्लायंटला समजावतो. तरी दमतो मीच.

फेब्रुवारीत कांदिवलीचे परब आले. मालवणी मसालेवाले. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आईने घरात मसाला करून विकायला सुरुवात केली, त्याचा पुढे ब्रँड झाला. त्यांची ती आई, आमच्यासाठी आजीच, आता एक्याऐंशी पार, पण अजून मिरची तिने हुंगल्याशिवाय पुढे जात नाही. लोक वर्षाचा मसाला मार्च ते मे भरतात. परब सरळ म्हणाले, “साहेब, या तीन महिन्यांत ऑर्डरी नाही आल्या तर बंद करतोय. फक्त आईला सांगायची हिंमत नाही माझ्यात.”

*

पहिल्या रीलची मीटिंग. मी नेहमीचं कीर्तन केलं: पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर अंगठा वर सरकला. परबांनी मान डोलावली आणि खिशातून यादी काढली. आधी गणपती, मग कुलदेवता, मग गावचा देव, मग दुकानाची पाटी, मग दोन्ही मोबाईल नंबर, सावकाश, म्हणजे लिहून घेता येतील. रेश्माने हिशेब केला. मसाला एकेचाळिसाव्या सेकंदाला येत होता.

मी म्हटलं, देव शेवटी घेऊ. परबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायलो.

रेश्मा हळूच म्हणाली, “सर, याला रील नाही, दर्शन म्हणतात.”

*

मग ठरलं, मसाला करतानाच दाखवायचा. कांदिवलीला गेलो. आजीने मिरच्या भाजायला घेतल्या आणि घरातली यच्चयावत माणसं शिंकायला लागली. तेवढं चालण्यासारखं होतं. पण बाकीचे जिन्नस टाकायची वेळ आली तशी आजी थांबली. प्रमाण कोणाला दाखवायचं नाही, सुनेलाही दाखवलेलं नाही. तिने रेश्माला खांद्याला धरून कॅमेऱ्यासकट भिंतीकडे वळवलं.

आमच्याकडे चार मिनिटं कॅलेंडरचं फुटेज आहे. आवाज शिंकांचा.

*

तरीही रेश्माने जोडजाड करून एक रील केली, आणि ती चालली. व्ह्यूज भराभर वाढले, कमेंट्सचा पाऊस. मी खुशीत परबांना फोन लावला. मग रेश्माने कमेंट्सची नावं वाचून दाखवली. सगळे परब! फॅमिली ग्रुपवर फर्मान निघालं होतं, प्रत्येकाने दिवसातून दहा वेळा बघायची. अ‍ॅप बिचारं काय समजणार? त्याला वाटलं, ही परबांच्या आवडीची गोष्ट आहे. त्याने ती कुडाळच्या परबांना दाखवली, डोंबिवलीच्या दाखवली, दुबईच्याही दाखवली.

ऑर्डर एकही नाही. परबांना मसाला घरून फुकट जातो.

*

मार्च संपला. मग मुलुंडची एक फूड इन्फ्लुएन्सर आणली. पोरीने कोंबडीचा रस्सा तोंडात घातला, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी हसत होती. तीन टेक. चौथ्याला आजीनेच कॅमेऱ्यासमोर येऊन तिच्या तोंडात साखर कोंबली.

रीलवर लोकांनी भरभरून विचारलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: कानातले कुठून घेतले?

दुसऱ्या दिवशी परबांचा फोन. आवाज अगदी गंभीर. “साहेब, आपण कानातले ठेवायचे का?” मला हसू आलं नाही. एप्रिल अर्धा गेला होता आणि ते रोज संध्याकाळी आईसमोर खोट्या ऑर्डरी वाचत होते.

*

शेवटचा उपाय म्हणून परब म्हणाले, आईलाच ब्रँडचा चेहरा करू. नुकतंच तिचं सहस्रचंद्रदर्शन घरी थाटात झालं होतं. त्यातला फोटो दिला: आजी खुर्चीत, गळ्यात हा एवढा हार. जुन्या काळाचा फील यावा म्हणून रेश्माने तो ब्लॅक अँड व्हाइट केला. मागे बासरी. खाली मी स्वतः ओळ लिहिली, ‘या हातांची चव विसरता येणार नाही.’ सकाळी पोस्ट केली.

दुपारपर्यंत ती अख्ख्या मुंबईभर गेली. खाली ओळीने एकच मजकूर: भावपूर्ण श्रद्धांजली.

परबांच्या बहिणीने कुडाळहून गाडी काढली. शेजारी पांढरे कपडे घालून जिन्यात उभे. मी आणि रेश्मा माफी मागायला कांदिवलीला पोचलो तर परब ओरडले, “आधी डिलीट करा!”

“हात लावशीत तर बघ,” आजी म्हणाली. परबांचा फोन तिच्याच मांडीवर होता. तिने मला जवळ बसवलं, कमेंट्स एकेक वाचायला लावल्या आणि खाली उत्तर लिहायला सांगितलं: “मी जिती आसय. मसालो पाव किलोपासून मिळतलो. पत्तो धाड.”

एकूण एक श्रद्धांजलीखाली हेच उत्तर. लोकांनी पत्ते धाडले. इतके, की रेश्मा वहीत उतरवून घ्यायला बसली.

आता कबूल करतो, यात मी रचलेलं एवढंच, की एकूण एक श्रद्धांजलीखाली. एक राहिली होती. घाटकोपरच्या एका बाईंनी लिहिलं होतं, ‘वीस वर्षं यांचाच मसाला भरतो. आता कोण करणार?’

ती मी वाचली.  आजीने फोन उचलून मुलापुढे धरला.

“ह्याचा उत्तर बाबू लिवतलो.”