येवलेकर साहेब आणि परमनंटची भानगड

चार मास्तर, एक पत्र्याची शेड आणि वरून परदेशी मदत, एवढं एकत्र आलं की शिकवणं किती होतं ते देव जाणे, किस्से मात्र ढिगाने साठतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर नवंकोरं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. एका परदेशी युनिव्हर्सिटीशी करार होता. यंत्रं, पुस्तकं, तज्ज्ञ त्यांचे; माळ, पत्रे आणि आम्ही इथले. मदत पुढे चालू ठेवायची की गाशा गुंडाळायचा, हे ठरवायला त्यांचा इव्हॅल्युएटर येणार होता. तोवर आम्ही सगळे टेंपररी. आमच्या म्हादू शिपायाला 'इव्हॅल्युएटर' हा शब्द काही झेपला नाही. त्याने विचारलं, "येवलेकर साहेब कवा येनार?" झालं! त्या दिवसापासून प्रिन्सिपॉलसकट सगळे येवलेकरच म्हणू लागले.

माझी घाई वेगळीच होती. थेरगावच्या तात्यांची लेक इंदू मला पसंत होती, आणि मी तिला. पण मी पडलो सोलापूरकडचा, आईवडील नाहीत, बोलणी करायला घरचं मोठं माणूस नाही. तात्यांनी सरळ सांगितलं, "पोरगा बेस हाय, पर नोकरी टेंपरवारी. परमनंट झाली की या. न्हाईतर चैतात मी दुसरीकडं उरकून टाकतो." म्हणजे येवलेकरांच्या एका शेऱ्यावर कॉलेजही लटकलेलं आणि माझं लग्नही. जीव नुसता टांगणीला लागला होता हो!

०

मदतीचं पहिलं खोकं आलं. फोडलं तर आत बर्फ उपसायची फावडी! सगळ्या देशांना म्हणे यादी एकच. परत पाठवावीत, तर 'मदत वापरली नाही' असा शेरा बसणार.

आमचे प्रिन्सिपॉल कडक. फावडी रोज वापरात दिसली पाहिजेत, असं त्यांनी फर्मान काढलं. आता पिंपरीत बर्फ कुठून आणायचा? पण माळावर म्हशी भरपूर. मग काय, भावी इंजिनिअर रोज सकाळी परदेशी फावड्यांनी शेण भरू लागले.

पुढे येवलेकर आल्यावर त्यांनी फावड्यांचं विचारलंच. प्रिन्सिपॉल छाती काढून म्हणाले, एक दिवस खाडा नाही. आणि खोटं काय होतं त्यात?

०

मग एक तज्ज्ञ बाई आल्या. शिकवण्याची नवी पद्धत म्हणे. पोरांनी रांगेत नाही, गोल बसायचं, मोकळेपणाने बोलायचं आणि मास्तरांनी गप्प राहायचं. बाईंनी बाकं बाहेर काढली, पोरं जमिनीवर मांडी घालून बसवली.

दहा मिनिटं कुणी तोंड उघडेना. तेवढ्यात म्हादू दारातून डोकावला. बसलेली मंडळी बघून त्याने अदबीने विचारलं, "पानं मांडू का?"

अर्धा वर्ग हात धुवायला उठला.

०

लायब्ररीचा मान मात्र आमच्या जोशीबुवांचा. परदेशी पुस्तकं त्यांनी कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधली होती. पाहणीला आलेल्या येवलेकरांनी विचारलं, पुस्तकांचा उपयोग कसा होतो? बुवांनी कपाट उघडलं आणि अभिमानाने सांगितलं, "बघा साहेब, एका पानाला बोट लागू दिलेलं नाही!"

येवलेकरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. प्रिन्सिपॉलांनी कपाळावरचा घाम पुसला. चैत्रातला दुसरीकडचा मांडव मला डोळ्यांसमोर दिसायला लागला.

०

शेवटी येवलेकर म्हणाले, गावातल्या एखाद्या माणसाशी बोलायचंय. प्रिन्सिपॉलांनी बोलावून ठेवलेली मंडळी बाजाराला निघून गेलेली. फाटकाशी एकच फेटेवाले गृहस्थ उभे होते. होऊ घातलेल्या जावयाची नोकरी कुठं आणि कसली, ते डोळ्यांनी बघायला आलेले आमचे तात्या!

त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं. दुभाषा मी.

साहेबांचा पहिलाच प्रश्न होता, तुम्ही स्वतःचं मूल या कॉलेजात घालाल का? आता 'घालाल का' म्हणायचं, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, साहेब विचारतायत, तुमचं लेकरू इथं द्याल का?" त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

तात्यांनी साहेबांना नखशिखांत न्याहाळलं. उपरणं सारखं केलं. म्हणाले, "द्यायला माजी ना न्हाई. पर परमनंट हाय का, ते आदी इचार त्यास्नी."

मी शब्दाला शब्द इंग्रजी करून सांगितलं. यांची तयारी आहे, पण हे परमनंट आहे का विचारतात.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते गहिवरले होते. इतके देश फिरलो, म्हणाले, पण ही मदत टिकेल का, असं कुण्या शेतकऱ्याने विचारलं नव्हतं. मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "यस! परमनंट!"

याचं भाषांतर तात्यांना लागलं नाही. ते उठले आणि त्यांनी साहेबांना कडकडून मिठी मारली, अगदी व्याहीभेट! कोटाची बटणं तुटायची बाकी राहिली. मग साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आता तुमी मुलाकडचे. पर लग्नात रुसायचं न्हाई, सांगून ठिवतो."

काय म्हणतायत, असं साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं, लग्नात रुसू नका म्हणतायत.

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे मान डोलावली.

"सांगा त्यांना, नाही रुसणार."