सांग्या आणि कर्त्या

तात्या कुणाच्याही घरात शिरले की चहाआधी फ्रिजच्या मागं हात लावून बघायचे. पाहुण्यानं असं करावं का, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. फौजेतून निवृत्त होऊन पलूसला त्यांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि फ्रिजइतकीच माणसंही ते तपासायचे. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार: सांग्या आणि कर्त्या. आमच्या ह्यांना त्यांनी पहिल्याच भेटीत सांग्यात टाकलं, आणि खरं सांगते, मला ते मनापासून पटलं.

हे शब्द नीट कळले ते मात्र माझ्याच फजितीतून. पलूसशेजारी कुंडलला मी अंडी उबवायची पेटी घरीच केली होती. थर्माकोलचा खोका, आत बल्ब, छोटा पंखा आणि तापमान दाखवणारं यंत्र. गल्लीतल्या सात जणींनी विश्वासानं आपापल्या गावठी कोंबड्यांची मिळून साठ अंडी दिली. आत साडेसदतीस अंश हवेत. आठवडाभर गारठा होता म्हणून निभावलं. आठव्या दिवशी ऊन तापलं, आणि दुपारी बघते तर आकडा चाळीस. सात जणींना काय तोंड दाखवणार होते मी? बल्ब बंद केला आणि तात्यांना फोन लावला.

ते आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "वैनी, ह्यो बल्ब बंद कोण करतंय?"

"आवं तात्या, यंत्र लावलंय की. आकडा बरोबर दाखवतंय."

"दाखवतंय. पर कुणाला? तुमास्नी. बल्बला त्यो आकडा वाचता येतोय व्हय?"

त्यांनी यंत्रावर टिचकी मारली.

"ह्यो नुसता सांग्या हाय. थर्मोस्टॅट म्हंजे कर्त्या. त्यालाबी गरमी कळती, पर कळल्यावर त्यो बसून ऱ्हात न्हाई. ठरल्या आकड्याला बल्ब इझवतो, गार झालं की परत लावतो."

मग त्यांनी एका अंड्यामागं बॅटरी धरली. लाल शिरांच्या जाळ्यात काळा ठिपका हलला. "जित्तं हाय," ते हळूच म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

थर्मोस्टॅट त्यांच्या दुकानात नव्हता, म्हणून ह्यांना मोटरसायकलवर सांगलीला पिटाळलं. "तवर थर्मोस्टॅट मी," म्हणत तात्या स्टूल ओढून बसले. आकडा अडतीसला गेला की बटण बंद, सदतीसला आला की चालू. जेवले तेसुद्धा उजव्या हातानं, डावा बटणावर ठेवून. मी म्हटलं, उठा जरा, मी बसते.

"बदली आल्याबिगर फौजी उटत न्हाई. आन माजी बदली यायचीया सांगलीवरनं."

दिवेलागणीला ह्यांच्या पिशवीतून ती बदली आली, तेव्हा कुठं ते उठले.

तात्यांना जाऊन आता वर्ष झालं. आठवण येते ती एकविसाव्या दिवसाची, आणि रडूऐवजी हसूच येतं. त्या दिवशी सकाळी पहिलं अंडं टिचलं, आणि संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस पिल्लं चिवचिवत होती. सातही जणी कौतुकानं दारात उभ्या. मी तात्यांना फोन लावला आणि कुठलं काळं, कुठलं तांबूस, कुठलं लय आगाऊ, सगळं सांगत सुटले.

त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग विचारलं, "वैनी, त्यास्नी पाणी ठेवलंसा का?"

नव्हतं ठेवलं.